सहावीतल्या पोराला 'मिडल स्कूल: द वर्स्ट इयर्स ऑफ माय लाइफ' द्यावं का?

खानापूरची_आई
नमस्कार. मुलगा पाचवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होता, यंदा सहावीला बेळगावात इंग्लिश मीडियमला घातलाय. घरी मराठी, वर्गात इंग्लिश आणि मधल्या सुट्टीत पोरं सगळी कन्नड बोलणार, त्यामुळे बिचारा गप्पच असतोय, वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत बसतो. भाचीनं हे जेम्स पॅटरसनचं पुस्तक सुचवलंय, पण त्यातला पोरगा म्हणे शाळेचे सगळे नियम मोडायचं ठरवतो? आणि इंग्लिश झेपेल का त्याला?

निपाणीकर
द्या की बिनधास्त! 2011 चं पुस्तक आहे, सोबत ख्रिस टेबेट्स लेखक, चित्रं लॉरा पार्कची. प्रकरणं एकदम बारकी आणि चित्रं भरपूर, त्यामुळं शब्द अडला तरी गोष्ट अडत नाही. तिकडं अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, पुस्तकातला पोरगा रेफ पण नव्या शाळेत सहावीलाच आलेला असतो. नियम मोडतो खरं, पण फुकट सुटत नाही हो, डिटेन्शन होतं म्हणजे शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवतात, आईला त्रास होतो, ते त्याला लागतंही.

अनगोळची_टीचर
मी याच वयाच्या मुलांना शिकवते. त्यात मिलर नावाचा दांडगा पोरगा रेफची वही पळवतो आणि एकेक पान पैसे घेऊन परत देतो, मुलं तिथं खदखदून हसतात आणि मग हळूच कुणीतरी सांगतं, टीचर, माझा पण डबा असाच घेतात. एरवी हे कधीच सांगत नाहीत. एक मात्र, रेफचा दोस्त लिओ, त्याच्याबद्दल शेवटाकडं जे कळतं ते फार हळवं आहे, घरात अलीकडं कुणी गेलं असेल तर आधी तुम्ही वाचून बघा. शब्दार्थ लिहायला लावू नका प्लीज, त्यानं सगळी मजा जाते. आणि त्याची चित्रं थांबवू नका, रेफलासुद्धा शेवटी चित्रकलाच वाट दाखवते.

कॅम्पातला_वाचक
टीचर बरोबर बोलल्या. पण मधल्या सुट्टीचं काय, तिथं पुस्तक उपयोगी पडणार नाही. त्याला 'नानू बरला?' म्हणजे 'मी येऊ का?' एवढं विचारायला शिकवा, क्रिकेट चालू असलं की पोरं लगेच घेतात, पुढचं कन्नड खेळताखेळता येतंय आपोआप. पुस्तकासाठी सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा, 1848 पासूनचं आहे ते.

खानापूरची_आई
खूप आभार सगळ्यांचे. टीचर, डब्याचं वाचून पोटात गोळा आला, आमचा पण हल्ली डबा रिकामा आणतोय आणि घरी आल्या आल्या जेवायला मागतोय. आज रात्री सहज विचारून बघते, ओरडणार नाही. शनिवारी वाचनालयात जाते, नाही मिळालं तर विकत घेईन.

अनगोळची_टीचर
विचारा नक्की. तसं काही असलं तर क्लास टीचरना एकटं गाठून सांगा, सगळ्या वर्गासमोर नको.