मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्सवर जुन्या स्नॅपशॉटमधला डेटा हवाय, पण नंतरच्या हिशेबाच्या पट्ट्या जायला नकोत

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचे कॉम्प्युटर मी बघतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनवर (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर) चालतं. खाली अशी मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स आहे, डिस्क झेडएफएस या साठवण प्रणालीवर. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्याआधी विंडोज बंद करून स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला होता. पुढे प्रिंटर बदलताना आणखी एक घेतला.

आता काही शेतकऱ्यांच्या मागच्या वर्षीच्या उचलीची (आगाऊ घेतलेल्या रकमेची) बाकी शून्य दिसतेय. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, अपडेटआधीची डेटा फाइल द्या, बाक्या ओढून देतो. ती फाइल पहिल्या स्नॅपशॉटमध्ये आहे. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर पूर्ण बॅकअप घेतला आणि रोलबॅक (त्या जुन्या स्थितीवर मागे जाण्याचा आदेश) दिला, तर हा सर्वांत अलीकडचा स्नॅपशॉट नाही म्हणून नकार आला. त्या स्नॅपशॉटवरून फुल क्लोनही (मशीनची पूर्ण वेगळी प्रत) होत नाही.

दुसरा स्नॅपशॉट उडवला तर रोलबॅक होईल, हे समजतं. पण मग अपडेटनंतरचे सौदे, पट्ट्या, हमाली-तोलाई सगळं चालू मशीनवरून जाईल. हंगाम भरात आहे, यार्डात रोज गाड्या लागताहेत. शेतकऱ्याच्या खात्यात रुपयाचा फरक पडलेला मला चालणार नाही. चालू मशीनला हात न लावता जुनी फाइल काढता येईल का?

प्रतिसाद १
दुसरा स्नॅपशॉट अजिबात उडवू नका. झेडएफएसवर प्रॉक्समॉक्स फक्त शेवटच्या स्नॅपशॉटवर मागे जाऊ देतं, आणि जुन्या स्नॅपशॉटवरून फुल क्लोन करू देत नाही. तुमच्याकडे बिघाड काही नाही. बॅकअप आधी घेतलात ते फार बरं केलंत, पण त्यात फक्त मशीनची आजची स्थिती असते, स्नॅपशॉट जात नाहीत. म्हणजे जुनी फाइल आज फक्त त्या एका स्नॅपशॉटमध्ये आहे.

प्रतिसाद २
रोलबॅकची गरजच नाही. होस्टच्या, म्हणजे प्रॉक्समॉक्स चालतं त्या सर्व्हरच्या, शेलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) ‘झेडएफएस क्लोन’ वापरा. पहिल्या स्नॅपशॉटवरून नवी डिस्क तयार होते, सुरुवातीला जागा जवळपास घेत नाही आणि मूळ मशीन चालूच राहतं. डिस्कचं नाव प्रॉक्समॉक्सच्या पद्धतीनेच ठेवा, म्हणजे व्हीएम, मग ज्या दुसऱ्या मशीनला ती जोडायची त्याचा क्रमांक, मग डिस्क आणि तिचा क्रमांक. नंतर ‘क्यूएम रीस्कॅन’ हा आदेश दिला की ती त्या मशीनखाली न वापरलेली डिस्क म्हणून दिसेल. तिथे जोडा आणि फाइल कॉपी करून घ्या.

हिशेबाच्या त्याच विंडोजला मात्र जोडू नका. दोन्ही डिस्कची ओळख सारखी असल्याने विंडोज दुसरी ऑफलाइन ठेवतं. शिवाय गर्दीच्या वेळी कोणी जुन्या फाइलवरच पट्टी करून बसायचं.

धागाकर्ता
जमलं! चाचणीच्या वेगळ्या विंडोजला डिस्क जोडली, फाइल मिळाली. नमुन्यादाखल काही खात्यांची उचल वहीशी ताडून पाहिली, बरोबर आहे. फाइल पेनड्राइव्हवर काढून सॉफ्टवेअरवाल्यांना दिली. आता जुने स्नॅपशॉट काढून टाकू का?

प्रतिसाद २
दुरुस्त झालेल्या बाक्या सगळ्या खात्यांवर तपासून होईपर्यंत थांबा. मग आधी क्लोन काढून टाका, नंतर स्नॅपशॉट. क्लोन असेपर्यंत त्याचा स्नॅपशॉट निघत नाही. आणि यापुढे अपडेटआधी स्नॅपशॉटबरोबर डेटा फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. होस्टची डिस्कच गेली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात.