मदत हवी आहे: भिशीतल्या बायकांनी थोडे पैसे आणि रविवार काढून ठेवलाय, बेळगावात काय करता येईल?

शहापूरकरीण

नमस्कार मंडळी,

शहापूर भागात आमची अकराजणींची भिशी आहे. या वर्षीपासून प्रत्येकीनं महिन्याला दोनशे रुपये भिशीबाहेर काढायचे आणि रविवारी सकाळी दोन तास द्यायचे असं ठरवलंय. कशासाठी, ते मात्र ठरेना. एकीला झाडं लावायची आहेत, एकीला वृद्धाश्रमात जेवण द्यायचंय, एक म्हणते प्लास्टिकवर काहीतरी करूया. गेल्या महिन्यात यावरून एवढी वादावादी झाली की भिशीची चिठ्ठी काढायचीच राहून गेली.

नेटवर शोधलं तर नळ बंद ठेवा, दिवे मालवा, हेच येतं. ते आम्ही सासूच्या धाकानं लग्नापासून करतोय, त्याला समाजकार्य म्हणतात हे माहीत नव्हतं.

अडचणी आधीच सांगते. निम्म्याजणी पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, तेव्हा तलावातला गाळ काढायला सांगू नका. संस्था काढायची नाही, बॅनर-फोटो नकोत. अर्जबिर्ज करायचा तर कन्नड नीट येणारी आमच्यात एकच अक्का आहे, तिचं माहेर बैलहोंगलचं. एकीच्या मिस्टरांना पावती पाहिजे, करात सूट मिळते म्हणे.

तुमच्यापैकी कुणी असं काही सुरू करून ते टिकवलंय का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं सांगितलंत तर बरं. पुण्या-मुंबईच्या संस्थांच्या लिंका नकोत.

दुसरं_गेट

झाडंवाल्या ताईंना आधी थांबवा. जूनमध्ये खड्डा, रोप, फोटो. पुढच्या एप्रिलात त्या जागी नुसती काटकी. रोप जगवायला निदान दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस लागतो, आणि ते रविवारच्या दोन तासांत बसत नाही. लावायचंच असेल तर ज्याच्या दारासमोर लावणार त्याच्याकडून पाण्याचं आधी कबूल करून घ्या. पावसाळ्याच्या तोंडाला वनखात्याच्या रोपवाटिकेत रोपं स्वस्तात मिळतात. जांभूळ, करंज, बकुळ घ्या. अकेशिया आणि निलगिरी आपल्या जिल्ह्यात पोटभर झालीय.

निपाणीचा_पाव्हणा

वृद्धाश्रमाला जेवण देण्याआधी तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन विचारा काय पाहिजे. रविवारी वाढदिवसवाल्यांचे गुलाबजाम येतात, बुधवारी भाजीची मारामार असते.

वस्तू देण्याबद्दल आमच्याकडचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगेला पूर आला तेव्हा मदतीच्या गाड्यांची रांग लागली. निम्म्या गाड्यांत जुने कपडे. शाळेच्या व्हरांड्यात ढीग पडला, वरून भिजला, शेवटी तो उचलायला वेगळी माणसं लावावी लागली. घरात गुडघाभर चिखल असताना माणूस दुसऱ्याचा शर्ट घेऊन करणार काय? पाहिजे होते खराटे, फिनेल, ब्लिचिंग पावडर, गमबूट, बायकांना पॅड आणि जनावरांना वैरण. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हासुद्धा हीच यादी होती. तुमच्या पैशातला थोडा भाग असाच बाजूला ठेवा. आमच्या बाजूला तो कधी ना कधी लागतोच.

हिशेबनीस

पावतीचं थोडक्यात. देणगीवरची करसूट (लोक ८०जी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. दोन हजारांच्या वर रोख दिलंत तर त्यावर सूट नाही, म्हणून बँकेतून द्या. संस्थेकडून नुसतं पावतीपुस्तकाचं पान घेऊ नका, आयकर खात्याच्या नमुन्यातलं देणगीचं प्रमाणपत्र मागा. महिन्याला दोनशेंवर मिस्टरांचा कर किती वाचतो ते त्यांनाच काढू द्या. :)

खानापूरकर

ताई, पैसे राहू द्यात, तुमची बैलहोंगलची अक्का आम्हाला द्या की! हसू नका, मनापासून सांगतोय. आमच्या तालुक्यातली मराठी माध्यमाची पोरं गणितात बरी असतात, खरं कन्नडात गळपटतात. घरात मराठी, गल्लीत मराठी, मैदानावर मराठी. कन्नड भेटतं ते पुस्तकात. मग एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, तोच विषय बोकांडी बसतो. आणि शाळा सुटली म्हणून कन्नड सुटतंय होय? बसची पाटी, हेस्कॉमचं लाईट बिल, जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीच्या पीडीओची नोटीस, सगळं त्यातच. मी हे भाषेच्या वादासाठी लिहीत नाही, त्यावर इथं धागे ढिगानं पडलेत. पोराला स्वतःच्या बापाचा उतारा वाचता यावा, एवढंच म्हणणं.

आमच्या गावात एक निवृत्त बाई हे करतात. पुस्तक उघडतच नाहीत. पोरांना घरातलं लाईट बिल आणायला लावतात आणि त्यावरची अक्षरं ओळखायला लावतात. पुढं बसच्या पाट्या, किराणाच्या पिशव्या, रेशन कार्ड. जे वाचलं ते त्याच संध्याकाळी घरी उपयोगी पडतंय, म्हणून पोरं टिकतात. आठ-दहा पोरं आणि एक व्हरांडा बास झाला. वडगाव-खासबागातसुद्धा अशी पोरं सापडतील.

शहापूरकरीण

अक्काला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, मला शिकवायला कुठं येतंय, मला नुसतं बोलायला येतंय.

खानापूरकर

शिकवणाऱ्या बाई शाळेत हाईत की. बोलणारी पाहिजे.

मावशी_टिळकवाडी

काहीच पैसे न लागणारं एक सांगते. अकराजणींच्या घरात नेत्रदानाची नीट माहिती पोचवा. फॉर्म भरणं सोपं असतं. अडतं ते त्या दिवशी, कारण घरच्यांना काय करायचं ते ठाऊक नसतं. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, खोलीतला पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घालून डोकं थोडं उंच ठेवायचं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, साखर असली तरी चालतं. आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं होतं. चेहरा विद्रूप होत नाही, आमच्या सासूबाईंच्या वेळी नंतर आलेल्या पाहुण्यांना कळलंसुद्धा नाही. नेत्रपेढीचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. त्या धावपळीत मोबाईलमध्ये कुणी शोधत बसत नाही.

चिंचेखाली

कचऱ्याचं कुणीच बोललं नाही? ओला-सुका वेगळा करणं २०१६ च्या घनकचरा नियमांपासून बंधनकारक आहे. दोन तास कशाला, रोजची पाच मिनिटं पुरतात.

शहापूरकरीण

चिंचेखाली, आम्ही वेगळा करून बघितलाय. गाडीवाला आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच कप्प्यात ओततो. मग घरच्यांना काय सांगायचं?

चिंचेखाली

त्यावर एकच उपाय, ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच द्यायचा नाही. फुटकी बादली घ्या, तळाला आणि बाजूला भोकं पाडा, खाली नारळाच्या शेंड्या पसरा. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर त्याच्या दुप्पट वाळका पाला, अधूनमधून आंबट ताकाचा शिपका. दोन-तीन दिवसांनी काठीनं खालीवर करायचं. वास सुटला की समजायचं ओल जास्त झाली, पाला वाढवायचा. अळ्या दिसल्या की घरात बोंबाबोंब होते, खरं त्या कुजवायचंच काम करतात, सुना-लेकरांना तेवढं समजावून ठेवा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं.

शहराचा कचरा तुरमुरीला जातो. भाजीची देठं आणि प्लास्टिक एकत्र दाबलं की आत हवा शिरत नाही, मिथेन तयार होतो, दुर्गंधी सुटते, आगी लागतात. त्या गावाच्या लोकांनी आपली देठं का हुंगायची? गाडीवाल्याशी भांडायचं तेही भांडा, अक्काकडून कन्नडात अर्ज लिहून घ्या, पोच घ्यायला विसरू नका.

अनगोळची_लेक

उशिरा वाचलं. ताई, तुमच्या गटाला भांडी बँक बसेल. आमच्या गल्लीत चालू आहे.

बारसं, हळदीकुंकू, सत्यनारायण, गणपतीतला महाप्रसाद, सगळीकडे चकचकीत कागदी ताटं. त्या कागदावर आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती कुजत नाहीत आणि भंगारवालाही घेत नाही. दुसऱ्या दिवशी गटारात, तिथून बळ्ळारी नाल्यात. नाला तुंबायला गाळ आहे, अतिक्रमणं आहेत, सगळं मान्य. तरी ज्या शिवारात बेळगावी बासमती पिकायचा तिथलं भात पाण्याखाली जातं, तेव्हा त्या पाण्यावर आपल्याच पंक्तीची ताटं तरंगत असतात.

आता कसं चालतं ते. पन्नास स्टीलची ताटं, पन्नास वाट्या, पन्नास पेले असा एक संच. वजनावर घेतला तर स्वस्त पडतो, तुमच्या चार-सहा महिन्यांच्या पैशात बसावा. प्रत्येक भांड्यावर खूण कोरून घ्या, रंग लावलात तर घासून जातो. नेताना अनामत घ्यायची, परत आल्यावर मोजून परत करायची. भाडं घेत नाही, धुण्याचे तेवढे घेतो. खरी मेख तिथंच आहे. पाहुणे गेल्यावर पन्नास ताटं घासायला घरची बाई दमलेली असते आणि पुढच्या वेळी ती मुकाट्यानं कागदी ताटं आणते. म्हणून आम्ही गल्लीतल्याच दोघींना धुण्याचं काम दिलंय, ताटामागे पैसे ठरवून.

दोन गोष्टी अनुभवाच्या. नॉनव्हेजला संच वेगळा ठेवा, नाहीतर माळकरी घरं ताटाला हात लावत नाहीत. आणि चमचे देऊच नका. ताटं परत येतात, चमचे येत नाहीत, कुठं जातात देव जाणे.

दुसरं_गेट

अनगोळची_लेक यांना अनुमोदन. प्लास्टिकची ताटं-पेले कर्नाटकात २०१६ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. बाजारात मागून बघा, कागदात गुंडाळून देतात.

शहापूरकरीण

सगळ्यांचे आभार. काल भिशीत वाचून दाखवलं. भांडी बँक आठजणींना पटली, संच आमच्याच माडीवर राहील. बादलीचं खत तिघी आपापल्या घरी करून बघणार आहेत, चिंचेखाली यांना शंका विचारून त्रास देणार. अक्का दिवाळीनंतर तिच्या व्हरांड्यात पोरांना बसवायला तयार झालीय, अट एकच, परीक्षा घेणार नाही. नेत्रपेढीचा नंबर ग्रुपवर टाकलाय. झाडंवाली रुसलीय.

एका मुद्द्यावर गाडी अडलीय. एकीनं विचारलं, दिवसकार्याला नेलेली ताटं पुढच्या आठवड्यात बारशाला द्यायची का? दोघी हसल्या, बाकीच्या हसल्या नाहीत. मला वाटतं हे असं झटकून चालणार नाही, एकदा कुणाच्या मनात किल्मिष आलं की ताटं माडीवरच पडून राहतील. तुमच्याकडे काय करता?

अनगोळची_लेक

आमच्याकडेही निघाला होता. चर्चा करून कुणाचं मन बदलत नाही असं दिसलं, म्हणून दिवसकार्याला ताटं देतच नाही. त्या घराला केळीची पानं किंवा पळसाच्या पत्रावळी आम्ही आणून देतो, पैसे भांडी बँकेच्या जमेतून. पानं कुजतात, आपला हेतू तेवढाच आहे. मात्र हा नियम पहिल्याच दिवशी पाटीवर लिहा. ऐनवेळी सांगितलात तर दुःखातल्या घराला वाटतं, आपल्यालाच नेमकं नाही म्हटलं.

आमच्या नियमांचा कागद मराठी-कन्नड दोन्हीत आहे. व्यक्तिगत निरोप करा, फोटो पाठवते.