घिरट्या घालणारं अस्त्र : शेवटचा निर्णय माणसाचाच हवा

अंत्रुजकर, फोंडा

परवा इथल्या एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता ड्रोन आणि उद्याचं युद्ध. बहुतेक मुलांचा सूर एकच : आपला जवान सुरक्षित, शत्रू खल्लास, निरपराध माणसाच्या केसालाही धक्का नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरमध्ये आपल्या सैन्याने घिरट्या घालणारी अस्त्रं, म्हणजे लक्ष्य सापडेपर्यंत हवेत फिरत राहून मग त्यावर झेपावून फुटणारी ड्रोन, वापरली, तेव्हा मुलांना असं वाटणं साहजिक आहे. अभिमान मलाही वाटतो. पण परीक्षकाने स्पर्धेत मत मांडायचं नसतं, म्हणून इथे लिहिते.

नागास्त्र-१ घ्या. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या कंपनीने बनवलेलं. वजन साधारण ९ किलो, त्यात १ किलो स्फोटक. जवान पाठीवरच्या पिशवीतून नेतो आणि ते अर्धा तास हवेत राहतं. पडद्यावर बघत माणूस चालवतो तेव्हा पल्ला १५ किलोमीटर, आपलं आपण जाऊ दिलं तर ३०. लक्ष्य सापडलं नाही किंवा हल्ला रद्द केला, तर पॅराशूट उघडून सुखरूप खाली उतरवता येतं. बंदुकीची गोळी सुटली की सुटली. इथे शेवटच्या क्षणापर्यंत 'नको' म्हणता येतं, आणि मला तीच या अस्त्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते.

माझं म्हणणं असं : अस्त्र माणसावर सोडायचं असेल, तर हा 'नको' म्हणू शकणारा माणूस नियमानेच बंधनकारक हवा, आणि तो नियम भारताने पुढे होऊन मांडायला हवा. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित घातक शस्त्रांवर, म्हणजे माणसाविना स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांवर, ठराव आला. १५२ देश बाजूने. विरोधात चार : रशिया, बेलारूस, माली आणि आपण. ठराव बंदीचा नव्हता, देशांची मतं मागवून महासचिवांनी अहवाल द्यावा, इतकंच त्यात मागितलं होतं. आपलं ते मत मला बोचतं.

माजी सिग्नलवाला, साखळी

ताई, तळमळ समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे. माझं प्रशिक्षण गोव्यातल्याच सैन्याच्या सिग्नल केंद्रात झालं. नोकरी सगळी रेडिओवर गेली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'माणूस पडद्यावर बघतो' हे रेडिओ चालू असेपर्यंत खरं. लढाईच्या पट्ट्यात दोन्ही बाजू जॅमिंग करतात, म्हणजे एकमेकांचा रेडिओ बंद पाडतात. अस्त्र खाली झेपावू लागलं की डोंगराआड किंवा झाडीआड सिग्नल आणखी पातळ होतो, चित्र फुटतं, मुंग्या येतात, आणि नेमके शेवटचे काही क्षण चालवणारा आंधळा असतो. म्हणून युक्रेनमध्ये दोन्हीकडच्यांनी शेवटचं काही अंतर यंत्रानेच लक्ष्य धरून ठेवावं अशी सोय करायला घेतली. माणूस सक्तीचा केलात, तर शत्रूने जॅमर लावला की आपलं अस्त्र निकामी. शत्रू तो नियम पाळेल याची हमी कोण देणार? २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकणाऱ्यांनी कुठला करार वाचला होता?

मताचं म्हणाल, तर भारताची भूमिका जुनीच आहे. हा विषय जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांच्या करारात चर्चिला जातो, तिथे लष्करी ताकद असलेले देश समोरासमोर बसतात. न्यूयॉर्कमध्ये दुसरी चूल कशाला?

अंत्रुजकर

काका, जॅमिंगचा मुद्दा वजनदार आहे. पण त्याला युक्रेनमध्येच दुसरंही उत्तर निघालं. २०२४ पासून रशियाने आणि मग युक्रेननेही ड्रोनच्या पोटाशी ऑप्टिकल फायबरचं रीळ बांधायला सुरुवात केली. ड्रोन पुढे जातं, मागे केसासारखी तार उलगडत जाते. रेडिओच नाही, तर जॅम काय करणार? जमिनीला टेकेपर्यंत चित्र स्वच्छ. तिथली शेतं आज या तारांनी कोळिष्टकांसारखी भरली आहेत. म्हणजे माणूस ठेवायचा म्हटलं, तर तंत्र हात वर करत नाही.

माजी सिग्नलवाला

सपाट शेतात ठीक. कारगिलच्या तोलोलिंग शिखरावर ते रीळ कुठल्या कड्याला अडकेल याचा विचार करा. शिवाय रिळाचं वजन जातं ते स्फोटकाच्या किंवा पल्ल्याच्या हिश्शातून. जून १९९९ मध्ये आपली पोरं त्या उघड्या चढावर वरून येणाऱ्या माऱ्यात रात्री चढली. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. त्या बंकरवर सोडायला असं एक अस्त्र असतं, तर कित्येक घरं वाचली असती. मी याहून मोठा नीतीचा प्रश्न मानत नाही.

मुरगावकर, वास्को

सिग्नलवाल्या काकांना पाठिंबा. आणि इतक्या लांब कशाला, आपल्या दारातलं उदाहरण आहे. १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची कारवाई, अंजदीव बेट. आयएनएस त्रिशूलवरून नौसैनिकांची तुकडी उतरली. पोर्तुगीजांनी पांढरं निशाण दाखवलं आणि मग गोळ्या झाडल्या, अशी नौदलाच्या इतिहासात नोंद आहे. आपले सात नौसैनिक गेले, त्यांचं स्मारक उभं आहे. ताई, पडद्यावर हात वर केलेला शत्रू दिसला म्हणून तुमचा माणूस 'नको' म्हणेल, आणि तोच शत्रू दहा मिनिटांनी आपला जवान टिपेल. आधी आपलं माणूस.

बार्देशची वाचक, म्हापसा

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ताई, तुम्ही माणसावर फार विश्वास टाकता. युक्रेनमधलं खेरसन शहर आठवा. नदीपलीकडून रशियन ड्रोनचालक रस्त्यावरच्या साध्या लोकांच्या मागे लागत, सायकलवरच्या, बसथांब्यावरच्या, रुग्णवाहिकेच्याही. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. त्या प्रत्येक ड्रोनमागे माणूसच होता! त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि तरी त्याने मारलं. मग माणूस सक्तीचा करून काय साधणार? पायदळाच्या हातात इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं मारणारं शस्त्र देणं हेच मुळात घातक आहे. आज सैन्याकडे, उद्या कुणाकडेही. मणिपूरमध्ये सप्टेंबर २०२४ ला गावावर ड्रोनने बॉम्ब टाकलेच ना?

अंत्रुजकर

म्हापशाच्या ताईंचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त टोचला. पण खेरसनचा गुन्हा सिद्ध कशाने झाला? कॅमेऱ्यातून लक्ष्य स्पष्ट दिसत होतं, चालवणारा त्याच्या मागे जात होता, वर त्याच लोकांनी चित्रफिती टेलिग्रामवर टाकल्या. आयोगाला हेतू दाखवता आला, कारण पडद्यामागे बघणारं कुणीतरी होतं. तिथे यंत्राने आपलं आपण निवडून मारलं असतं, तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण? प्रोग्राम लिहिणारा म्हणेल मी सोडलं नाही, सोडणारा म्हणेल मी निवडलं नाही. माणूस चांगला असतो म्हणून मी त्याला मागत नाही. त्याला जाब विचारता येतो म्हणून मागते.

आणि मुरगावकर, अंजदीव तुम्ही काढलंत ते बरं झालं. ते सात जण गेले, कारण निशाण खरं की खोटं हे तपासायला त्यांना स्वतःची छाती पुढे करावी लागली. ड्रोनमध्ये ती जोखीमच उरत नाही. मे २०२३ मध्ये युक्रेनमधल्या बाखमूतजवळच्या खंदकात एका रशियन सैनिकाने वर घोंघावणाऱ्या ड्रोनकडे बघून हातवारे केले, मारू नका म्हणून. युक्रेनच्या चालकाला ते पडद्यावर दिसलं. त्यांनी ड्रोनमधून चिठ्ठी टाकली, शरण यायचं असेल तर ड्रोनच्या मागे ये. तो आला, वाटेत त्याच्याच बाजूचा मारा चुकवत. निशाण खोटं निघालं असतं, तर गेलं काय असतं? एक ड्रोन. जवानाला परवडत नाही तो धीर या अस्त्राला परवडतो, आणि तो धीर वापरायला माणूसच लागतो.

माजी सिग्नलवाला

बाखमूतची गोष्ट मी पाहिली आहे, मनाला भिडते. पण एक भेद करा. इस्रायलचं हार्पी वर्षानुवर्षं आपल्याकडे आहे. ते रडारच्या लहरी हुंगत जातं आणि रडारवर स्वतःहून पडतं, माणूस बघत नाही. ते पण बंद करायचं?

अंत्रुजकर

मुळीच नाही. रडार शरण येत नाही. माझा आग्रह फक्त माणूस हेच लक्ष्य असेल तिथे आहे.

आणि असे नियम आपल्याला नवे नाहीत. भूसुरुंगबंदीच्या १९९७च्या करारावर आपण सही केली नाही, पण जिनिव्हाच्या त्याच करारातला सुरुंगांवरचा सुधारित जोडकरार स्वीकारला. दुरून पेरलेले माणूसमारू सुरुंग ३० दिवसांत किमान ९० टक्के आपोआप नष्ट व्हावेत, १२० दिवसांनंतर हजारात एकापेक्षा जास्त चालू राहू नये, असे नेमके आकडे त्यात आहेत. सीमा सांभाळूनच आपण हे मान्य केलं. तसंच इथेही आकड्यांत बोला : किती मिनिटं, किती क्षेत्र, संपर्क तुटला तर काय. मांडा ते जिनिव्हातच, जागेबद्दल माझं भांडण नाही.

माजी सिग्नलवाला

वेळ आणि क्षेत्र बांधायला माझी ना नाही, उलट तसंच हवं. भरकटलेलं अस्त्र आपल्याच चौकीवर येऊ शकतं. पण संपर्क तुटला, समोरच्या चढावर शत्रूची तुकडी आहे, खाली आपली पोरं अडकली आहेत. तेव्हा अस्त्र पॅराशूटने उतरवा, असं तुमचा नियम सांगणार. तो हुकूम मी त्या पोरांना देऊ शकणार नाही.

मुरगावकर

हेच म्हणतो.

अंत्रुजकर

हो, माझा नियम तेच सांगणार, मी पळवाट काढत नाही. त्या पोरांसाठी तोफ आहे, उखळी आहे, त्या तुकडीच्या मशीनगनवर यंत्राने रोखलेलं दुसरं अस्त्र आहे. पण त्या चढावर जखमी कोण, शरण आलेला कोण, चुकून सापडलेला मेंढपाळ कोण, हे कुणीच बघत नसताना माणसं निवडून मारायचं काम यंत्राला देऊ नये. तिथे मी थांबते.