मदत हवी आहे: कर्ज घेतलेल्या घरांचं उत्पन्न जास्त निघालं, तरी गाइड मानत नाहीत

प्रबंधवाली: प्रबंधाचं प्रकरण परवा द्यायचंय. विषय मायक्रोफायनान्स (गरीब घरांना दिलेली छोटी कर्जं) आणि कुटुंबाची उपजीविका. कर्ज घेतलेली ६० घरं, न घेतलेली ६०. घेतलेल्यांचं उत्पन्न सरळसरळ जास्त आहे. गाइडनी समासात एवढंच लिहिलंय, ‘हे कर्जामुळेच कशावरून?’ आता काय करू? लवकर सांगा.

मधली_सुट्टी: कर्ज कुणाचं? बचत गटाचं की कंपनीचं? घेऊन किती महिने झाले?

प्रबंधवाली: दोन्ही. वर्ष झालं असेल.

गटातली: दोन्ही एका मापात घालूच नका! मी दहा वर्षं गट चालवते. आमच्यातल्या एकीने कंपनीचं कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं. पहिला ब्लाउज शिवून व्हायच्या आत हप्ता दारात. शेजारणीकडून उसने घेऊन भरला. तुमच्या तक्त्यात ती ‘नियमित परतफेड’मध्ये असेल.

निवांत: ताई, दोष हप्त्याच्या वेळेचा आहे. कोलकात्यात काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन महिन्यांनी भरायची मुभा देऊन पाहिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला, पुढे नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे खरं.

गटातली: थकबाकी वाढते म्हणूनच कंपन्या मुभा देत नाहीत. मग भोगायचं बाईनेच ना?

हिशोबी: व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवरच, आहे का बघा. वर्षाच्या मासिक हप्त्यांवर १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर साडेएकवीसच्या घरात जातं.

प्रबंधवाली: व्याजाचं नाही विचारलं हो!

मधली_सुट्टी: गाइडचं बरोबर आहे. जिच्यात धडाडी आहे, जिच्या घरात मिळवतं माणूस आहे, ती कर्ज मागायला पुढे येते. फरक आधीचाच असू शकतो. म्हणून हैदराबादच्या अभ्यासात १०४ वस्त्यांपैकी ५२ सोडत काढल्यासारख्या निवडल्या आणि तिथे आधी कर्ज सुरू केलं. धंद्यातली गुंतवणूक वाढली, पण सरासरी घरखर्चात ठळक वाढ दिसली नाही. तुमच्याकडे कर्जाआधीचे आकडे आहेत?

प्रबंधवाली: नाहीत. न घेतलेल्यांपैकी २३ घरांचं कर्ज मंजूर आहे, पैसे हातात यायचेत. त्याचा काही उपयोग?

मधली_सुट्टी: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! कर्ज मागणाऱ्या त्याही आहेत. तुलना त्या २३ घरांशी करा.

गटातली: आणि हप्ते झेपेनात म्हणून गट सोडून गेलेल्या? त्या तुमच्या ६० मध्ये आहेत?

प्रबंधवाली: नाहीत. मला चालू कर्जदारांचीच यादी दिली होती. उद्या सकाळी जाऊन जुनी यादी मागते.