घरी गाडी उचलण्यासाठी कोणता जॅक घ्यावा?

प्रश्न
माझी हॅचबॅक साधारण १,१०० किलो वजनाची आहे. गाडीसोबत मिळालेल्या कात्री जॅकने स्टेपनी बदलता येते. परंतु आता ब्रेक पॅड बदलण्याचे कामही घरीच करायचे आहे. २ टनांचा बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक) पुरेल, की चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक घ्यावा?

उत्तर १
एका वेळी एकच बाजू उचलली जात असल्याने २ टनांची क्षमता पुरेशी आहे. अडचण उंचीची आहे. बॉटल जॅक पूर्ण मिटवला तरी बहुधा १८ ते २० सेंटीमीटर उंच राहतो, आणि हॅचबॅकखाली, त्यातही टायर बसलेला असल्यास, तेवढी जागा मिळेलच असे नाही. ट्रॉली जॅक बराच खाली मिटतो. जॅकची कमाल उंचीही तपासावी, कारण बॉडी वर जाऊ लागली की सस्पेन्शन मोकळे होऊन चाक खाली लोंबते आणि ते जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी अपेक्षेपेक्षा बरीच वर न्यावी लागते.

उत्तर २
बॉडीखाली स्वतंत्र चासी (सांगाडा) असलेल्या जड गाड्यांच्या अ‍ॅक्सलखाली बॉटल जॅक उत्तम काम देतो. आपल्या गाडीला मात्र दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर, खुणेच्या जागीच आधार द्यावा लागेल, आणि बॉटल जॅकच्या लहानशा माथ्यावर ती कड दुमडते. ट्रॉली जॅकवर खाच असलेला रबरी पॅड बसवावा.

उत्तर ३
जॅक कोणताही घ्या, पण सोबत जॅक स्टँडची (उचललेल्या गाडीचा भार पेलणाऱ्या स्थिर आधारांची) जोडी घेतल्याशिवाय ब्रेकच्या कामाला हात लावू नका, ही कळकळीची विनंती आहे. हायड्रॉलिक जॅकमध्ये सारा भार तेलाच्या दाबावर तोललेला असतो. सील गळू लागले की गाडी खाली येते. तसेच, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो, म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावणे अत्यावश्यक आहे.

प्रश्नकर्ता
जागा मोजली, ती १७ सेंटीमीटर भरली. तेव्हा ट्रॉली जॅक आणि स्टँडच घेईन. परंतु खुणेच्या जागी जॅक असताना स्टँड कोठे ठेवावा?

उत्तर १
गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या मजबूत आडव्या पट्टीवर) जॅक लावण्याची जागा दाखवली असल्यास तेथून उचलावे आणि दोन्ही बाजूंच्या खुणांखाली स्टँड सरकवावेत. हे काम फरशीवर किंवा काँक्रीटवरच करावे. ट्रॉली जॅकचा माथा वर जाताना कमानीत सरकतो, त्यामुळे त्याची चाके मातीत रुतली तर माथा आधारावरून घसरतो.