मूत्रातील डोपामिन: नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडवर एकच रुंद शिखर

कोथरूडकर_एमएस्सी: पुण्यातील एका महाविद्यालयात प्रकल्पासाठी मी ३ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर बहुभित्तीय कार्बन नॅनोट्यूबचा थर चढवला आहे. ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये डोपामिन या संदेशवाहक रसायनाचे विद्युतप्रवाहातील शिखर ०.२ व्होल्टच्या आसपास सुबक येते. मात्र त्याच बफरमध्ये दहापट पातळ केलेले मूत्र घेतले की ०.३ व्होल्टच्या पुढे एकच अवाढव्य शिखर दिसते. हे डोपामिनच सरकले आहे, असे मानून पार्किन्सनच्या (मेंदूत डोपामिन कमी पडण्याच्या आजाराच्या) निदानाचे प्रकरण लिहावे का?

काचकार्बन: इतक्यात लिहू नका. ते शिखर बहुधा युरिक आम्लाचे आहे, कारण मूत्रात ते मिलिमोलर प्रमाणात असते आणि डोपामिन जेमतेम मायक्रोमोलरच्या, म्हणजे हजारपट कमी प्रमाणाच्या घरात. नमुन्यात युरिक आम्लाचे विघटन करणारे युरिकेज विकर घालून पाहा. शिखर ओसरले, तर उत्तर मिळाले. पुढे इलेक्ट्रोडवर नॅफिऑन या ऋणभारित बहुलकाचा पातळ थर द्या. ७.४ पीएचला डोपामिनवर धन भार असतो, तर युरेट (युरिक आम्लाचे रूप) व अ‍ॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचे रूप) ऋणभारित असल्यामुळे नॅफिऑनमधील सल्फोनेट गट त्यांना बऱ्याच अंशी अडवतात. थर जाड झाला तर प्रतिसाद मंदावतो. पावसाळ्यात थेंब लवकर सुकेना म्हणून मी एकदा इलेक्ट्रोड दिव्याखाली धरला आणि थर तडकला, तेव्हा सुकवण्याची घाई नको.

बफरवाले: एकच भर घालतो. डोपामिनच्या ऑक्सिडेशनमधून क्विनोन व पुढे काळपट बहुलक तयार होऊन पृष्ठभाग झाकला जातो, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर कोऱ्या बफरमध्ये शिखराची उंची पडताळा. नमुना गोळा करतानाच आम्लयुक्त केला नाही, तर डोपामिन मोजण्याआधीच नष्ट होऊ लागते. मोजताना पीएच पुन्हा ७.४ वर आणायला विसरू नका.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट: संवेदक निर्दोष ठरला तरी पार्किन्सनचा दावा टिकणार नाही. मूत्रातील डोपामिन मुख्यतः मूत्रपिंडातच एल-डोपा या पूर्वद्रव्यापासून तयार होते, आणि रक्तातील डोपामिन मेंदूभोवतालचा अडसर ओलांडत नाही. त्यामुळे मेंदूतील कमतरता या आकड्यातून वाचता येत नाही. आम्ही ही चाचणी प्रामुख्याने न्यूरोब्लास्टोमासारख्या (मुलांमधील चेतापेशींचा कर्करोग) गाठींच्या शोधात मागवत असू, तीही चोवीस तासांच्या मूत्रावर.

कोथरूडकर_एमएस्सी: आज युरिकेज घातले. शिखर जवळजवळ सपाट झाले आणि ०.२ व्होल्टपाशी काहीच उरले नाही. दहापट पातळ केल्यावर डोपामिन माझ्या मापनमर्यादेखाली गेले असावे. प्रकरणाच्या शीर्षकातून पार्किन्सन काढले आहे. नॅफिऑनचा प्रयोग सोमवारी करते, दिव्याविना.