थंडी, तालमी आणि सर्दी : कथकच्या मुलींनी काय खावं?

तत्कार_नाशिक

नमस्कार. नाशिकरोडला माझा कथकचा लहानसा क्लास आहे. मुली साधारण तेरा ते एकवीस वयाच्या. नोव्हेंबर ते जानेवारी हा आमचा सगळ्यात धावपळीचा काळ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्यपरीक्षांचं नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र, शाळांची गॅदरिंगं, मंडळांचे कार्यक्रम, सगळं एकदम अंगावर येतं. आणि थंडीही तेव्हाच. निफाडचा पारा पेपरात यायला लागला की इकडे हॉलमध्ये शिंका सुरू होतात. एक मुलगी नाक ओढत येते आणि आठवड्याभरात निम्मी बॅच आडवी.

सकाळचा रियाज साडेसहाला असतो. खाली शहाबादी फरशी, गारठलेली. बहुतेक मुली चहा-बिस्किटावर येतात, काही तर तेवढंही न घेता. तिथून कॉलेज, मग कॅन्टीनचा वडापाव, संध्याकाळी पुन्हा तालीम, ती रात्री साडेदहापर्यंत. कार्यक्रम जवळ आला की अंगरख्यात पोट दिसेल म्हणून रात्रीचं जेवण बंद. मी ओरडते, पण त्या एकमेकींचं बघून करतात.

परवा धमार (चौदा मात्रांचा ताल) चालू होता. शेवटच्या तिहाईच्या (तीनदा म्हटल्या जाणाऱ्या बोलांच्या) आधी एक मुलगी लयीतून सुटली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हात धरला तर गार पडलेला, ओठ पांढरे. काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, "काल दुपारी उपमा." त्यानंतर पोटात फक्त चहा. दुसऱ्या दिवशी ती तापाने घरी.

घराघरातून सल्ले वेगवेगळे. कुणाच्या आजीने पेरू, केळं, दही सगळं थंड म्हणून बंद केलंय. कुणी थर्मासमधून काढा देतं, कुणी च्यवनप्राश. एका पालकांनी महागडी पावडर आणली आणि सगळ्या मुलींना द्या म्हणाले. मला पावडर नको आहे. साध्या घरात परवडेल असं काय सांगू? रियाजाआधी काय, कार्यक्रमाच्या दिवशी काय? मनापासून विचारते आहे, कारण या मुलींची वर्षभराची मेहनत एका सर्दीत जाताना बघवत नाही.

---

पथ्यपाणी

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात असते. स्वतः बरीच वर्षं भरतनाट्यम शिकले, त्यामुळे अंगरख्यात पोट दिसण्याची भीती मला नीट माहीत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर काढ्यात नाही, त्या सुटलेल्या रात्रीच्या जेवणात आहे.

शरीर मिळालेली ऊर्जा आधी हालचालीला देतं. दोन-दोन तास तत्कार (पायांचं काम) आणि चक्कर (गिरक्या) झाल्यावर जे उरतं, त्यात बाकीचा संसार चालवायचा असतो : पाळी, हाडं, जखमा भरणं, जंतूंशी लढणं. उरलंच नाही तर शरीर या कामांना कात्री लावतं. खेळाडूंमधल्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली 'रेड-एस' (खेळातली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. नृत्य करणाऱ्या मुली त्यात अगदी सहज सापडतात. वारंवार सर्दी, न संपणारा थकवा, नडग्यांचं बरं न होणारं दुखणं आणि मुख्य म्हणजे पाळी पुढे जाणं किंवा बंद होणं, ही लक्षणं एकत्र दिसली तर ती मुलगी कमी खाते आहे हे धरून चाला आणि डॉक्टरांकडे पाठवा. पाळीबद्दल तुम्ही एकदा मोकळेपणाने बोललात तर मुली सांगतील. आईला सांगत नाहीत, गुरूला सांगतात.

आता रियाजाआधीचं. साडेसहाला कुणी पोळी-भाजी खाणार नाही, अपेक्षाही नको. एक केळं, किंवा दोन खजूर आणि कपभर दूध, किंवा राजगिऱ्याचा लाडू. एवढं वीस-पंचवीस मिनिटं आधी पोटात गेलं तरी भिंतीला टेकायची वेळ येणार नाही. खरी न्याहारी रियाज संपल्यावर, तासाभराच्या आत. तिच्यात प्रथिनं हवीत. खूप श्रम करणाऱ्यांना वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या मुलीला दिवसाला ६० ते ८०. अंड्यात सहा, कपभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यात सात. चहा-बिस्किटात जवळजवळ काही नाही. मुगाचं धिरडं, थालीपीठ-दही, उकडलेली अंडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, यातलं काहीही डब्यात द्या. पावडर खरंच नको.

पेरू बंद करणाऱ्या आजींना माझा नमस्कार सांगा आणि पेरू परत सुरू करा. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. बाईची दिवसाची गरज ६५. सर्दी विषाणूंनी होते, पेरूने, केळ्याने किंवा ताज्या दह्याने होत नाही. फ्रीजमधून काढलेलं दही घशाला बोचत असेल तर बाहेर ठेवून दुपारी खावं, एवढंच. क जीवनसत्त्वाबद्दल एक गोष्ट मात्र नर्तकींनी लक्षात घेण्यासारखी आहे. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं की सर्वसाधारण माणसाने रोज गोळ्या घेतल्या तरी सर्दी होण्याचं प्रमाण कमी होत नाही. पण मॅरेथॉन धावणारे, बर्फावर सराव करणारे सैनिक आणि स्कीइंग करणारे अशा जवळजवळ ६०० लोकांत ते निम्म्यावर आलं. शरीर ताणलेलं असताना फरक पडतो तो असा. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर मात्र उपयोग होतो असं खात्रीने दिसत नाही. पेरू, आवळा, संत्री, लिंबू हे नोव्हेंबरपासून रोजच्या खाण्यात असू देत, म्हणजे गोळीची गरजच नाही.

काढा द्या. त्याने घशाला बरं वाटतं, पाणी पोटात जातं. थंडीत मुली पाणी पितच नाहीत, तेव्हा कोमट काढा आला तर चांगलंच. च्यवनप्राशचा चमचाही चालेल. पण काढा प्यायला आणि जेवण सोडलं, हे चालणार नाही.

लोहाकडेही बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ओठ पांढरे पडणाऱ्या त्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासायला सांगाच. बाजरीची भाकरी, पालेभाजी, हळिवाचे लाडू, वर लिंबू पिळलेलं, आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नाही. चहाने लोह नीट अंगी लागत नाही.

आणि झोप. २०१५ साली १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू थेंबाने सोडून केलेला प्रयोग आहे. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. रात्री साडेदहापर्यंत तालीम आणि सकाळी साडेसहाला रियाज हे गणित तुमच्या हातात आहे, ताई. परीक्षेच्या पंधरवड्यात तरी सकाळ तासभर पुढे ढकला.

---

फडावरची

तुमचं कथक आणि आमचा तमाशा, पण थंडी सारखीच. माझी आई फडात नाचायची, पुढं मीही काही हंगाम नाचले. नारायणगावला राहुट्या लागतात तिथं कार्यक्रमांच्या सुपाऱ्या ठरायच्या. दसऱ्याला हंगाम सुरू, अक्षय तृतीयेपर्यंत गावोगावच्या जत्रा. म्हणजे अख्खा हिवाळा उघड्या रानात. रात्री दहाला गण, मग गवळण, बतावणी, आणि वग संपेपर्यंत पहाट. आजूबाजूला उसाचं पाणी भरलेलं, असलं गार वारं की पायातले चाळ हाताला लागले तर चटका बसल्यागत व्हायचं.

तिथं आजारी पडून चालत नव्हतं. बाई बसली की तिच्या वाट्याच्या लावण्या दुसरीवर. म्हणून फडातल्या जुन्या बायका पोरींच्या खाण्यावर लई बारीक नजर ठेवायच्या. दिवस मावळला की जेवण, कधीच उशिरा नाही. उपाशी पोरीला रंग लावू देत नव्हत्या. आधी ताट, मग आरसा.

हिवाळ्यात ताटात बाजरीची भाकरी, तीळकूट, कांदा आणि आठवड्यातनं दोनतीनदा हुलग्याचे (कुळथाचे) शेंगोळे. ताई, तुम्ही नाशिकच्या, तुमच्याकडंही होत असतील. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, आणि घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या वळ्या करायच्या. पातेल्यात लसणाची खरपूस फोडणी, त्यावर पाणी, पाणी खळाखळा उकळलं की एकेक वळी सोडायची. एकदम टाकलं तर गोळा होतो. शेवटी थोडं पीठ पाण्यात कालवून लावायचं म्हणजे रस दाट होतो. वाटीभर गरम रस प्यायला की नाक मोकळं, अंगात ऊब, आणि पोटाला जड नाही. नाचायच्या आधी तीन तास खाल्लं तर उडी हलकी राहते. पथ्यपाणी ताई प्रथिनं म्हणतात ती हुलग्यात भरपूर.

मध्ये दम घ्यायला आत आलं की गुळाचा खडा आणि शेंगदाणे. प्रत्येकीच्या पिशवीत पुरचुंडी. ज्येष्ठमधाची काडी गालात, कारण आम्हाला नाचता नाचता गायचं पण असायचं.

आणखी एक. घामानं भिजलेल्या शालूवर तसंच वाऱ्यात उभं राहायचं नाही. आत येताच मान-पाठ पुसायची आणि घोंगडी पांघरायची. तुमच्या मुली चक्कर संपवून फरशीवर बसतात का? बसू देऊ नका. सतरंजी टाका. आणि ओठाला रंग लावायचा ब्रश, पाण्याची बाटली, टॉवेल ज्याचं त्याचं. आमच्यात एकीला पडसं झालं की तिचा पेला वेगळा ठेवायच्या, कुणी वाईट वाटून घेत नव्हतं. एका मेकअपच्या डब्यावर दहा पोरी, मग निम्मी बॅच आडवी व्हायला काय लागतं!

---

डोंबिवलीची_आई

माझी मुलगी भरतनाट्यम करते, पंधरा वर्षांची. वरचं सगळं वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. तीळ, शेंगदाणे, दाण्याची चिक्की सरसकट वाटण्याआधी पालकांना विचारा. आमच्या बॅचमध्ये एकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि तिच्या आईचा जीव दर कार्यक्रमाला टांगणीला असतो. त्या मुलीला आम्ही फुटाणे आणि खजूर देतो.

दुसरं, डिंकाचे आणि मेथीचे लाडू आमच्याकडे थंडीत होतात, पण मुलगी जाडी होईन म्हणून हात लावत नव्हती. मी बोलून काही झालं नाही. तिच्या गुरूंनी तालमीच्या मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर स्वतः डबा उघडून खाल्ला आणि मुलींना शेजारी बसवलं. आता ती आठवणीने लाडू मागून नेते. ताई, तुमच्या खाण्याकडे मुली बघत असतात.

एक विचारायचं होतं. नाक वाहत असताना तालीम करू द्यावी की नाही?

---

पथ्यपाणी

नुसतं नाक वाहतंय, घसा थोडा खवखवतोय, ताप नाही, तर हलकी तालीम चालेल : हस्तक (हातांच्या हालचाली), अभिनय, बसून पढंत (बोल म्हणणं). तीही मास्क लावून किंवा बाकीच्यांपासून लांब. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा धाप असेल तर पूर्ण विश्रांती. तापात जोरात नाचलं तर हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका असतो, तो दुर्मीळ असला तरी पत्करू नये. आणि साध्या सर्दीला घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका. विषाणूंवर त्यांचा काही परिणाम होत नाही.

फडावरच्या ताई, आधी ताट मग आरसा हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगणार आहे. सांजेला जेवून मग नाचायचं हे तुमच्या बायकांचं वेळापत्रक आजही तंतोतंत बरोबर आहे.

कार्यक्रमाच्या दिवसाचं राहिलं होतं. संध्याकाळी सातचा कार्यक्रम असेल तर एक वाजता नेहमीचं जेवण, पोटभर : वरण-भात, पोळी, भाजी, ताक. त्या दिवशी राजमा-छोले आणि नवीन पदार्थ नकोत. साडेचारला, मेकअपला बसायच्या आधी, पोहे किंवा केळं-दूध. विंगेत खजूर आणि कोमट पाणी. संपल्यावर दागिने उतरवायच्या आधी काहीतरी पोटात, आणि घरी मुगाची खिचडी-तूप. उत्सवमूर्ती म्हणून रात्री बारापर्यंत फोटो काढत उपाशी राहतात आणि दोन दिवसांनी पडतात, हे मी फार पाहिलंय.

---

तत्कार_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पालकांना बोलावलंय. सकाळचा रियाज साडेसातला करतेय, परीक्षा होईपर्यंत. ॲलर्जीची यादी आधी घेईन. प्रत्येकीचा मेकअपचा ब्रश वेगळा, आणि हॉलमध्ये सतरंज्या. त्या मुलीच्या आईशी बोलले, रक्त तपासायला नेणार आहेत. आणि मधल्या सुट्टीत माझा डबा मुलींसोबत उघडायचा हे आजपासूनच.

फडावरच्या ताई, वर्षाअखेरच्या तालमीला मोठं पातेलं चढवून शेंगोळे करायचा विचार आहे. तीस जणींना पीठ किती घेऊ? आणि हुलगे भाजून दळायचे की तसेच?

---

फडावरची

हलके भाजा, वास सुटेपर्यंत, मग दळा. कच्च्या पिठाचा उग्रपणा राहतो. तीस पोरींना अडीच-तीन किलो धरा, सोबत भाकरी असेल तर दोन पुरे. लसूण हात राखून घालू नका. आणि वळ्या मुलींकडूनच करून घ्या.